दोन-अडीच एकर जमीन, एक विहीर आणि पावसाचा भरवसा नाही. गाव न सोडता दुसरं उत्पन्न कसं उभं करावं?

आम्ही बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले, जमीन तुमच्याएवढीच, म्हणून घरात जे चालू आहे तेच सांगतो, रेशीम. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं आमच्या भागातला कापूस पार घालवला तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. कापूस असो की सोयाबीन, पैसा वर्षातून एकदा येणार आणि किराणा, फी, दवाखाना दर महिन्याला, मग मधे उसनवारी नाहीतर सावकार. त्यामुळं नफा किती हे नंतर, पैसा वर्षात किती वेळा हातात पडतो हे आधी बघा.

रेशमाची अळी तुतीचा पाला खाते. एक एकर तुती लावली की नीट सांभाळली तर बारा-पंधरा वर्षं परत लावायची नाही, पाणी उसाच्या मानानं बरंच कमी लागतं. पहिल्या वर्षी बाग जमेपर्यंत एक-दोन बॅच, म्हणजे अळ्या वाढवून रेशमाचे कोष काढायच्या खेपा, निघतात, नंतर वर्षाला चार-पाच. अळ्या चॉकी सेंटरवरून, म्हणजे लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रावरून, दुसरी कात टाकलेल्या आणायच्या, म्हणजे सगळ्यात नाजूक दिवस ते सांभाळतात आणि आपल्याकडं तीनेक आठवड्यात कोष तयार. शंभर अंडीपुंजाला (एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज) 60-70 किलो कोष निघाले की बॅच चांगली धरतात. आधी माल थेट कर्नाटकात रामनगरला न्यावा लागायचा, 2018 पासून जालन्यात कोष मार्केट झालंय, आमच्यासारख्यांना त्यानं खरा आधार दिला. भाव मात्र एकसारखा राहत नाही, 2020 च्या लॉकडाऊनमधे कोसळला होता, म्हणून सगळं रान तुतीखाली घालू नका, घरापुरती ज्वारी-तूर राहू द्या.

अळ्या ठेवायच्या शेडसाठी एकदम कर्ज काढू नका हो. जॉबकार्ड असेल तर सरकारच्या रोजगार हमीतून तुती लागवड आणि शेडला मदत मिळते, आपल्या जिल्हा रेशीम कार्यालयात जाऊन महारेशीम अभियानात, म्हणजे नव्या रेशीम शेतकऱ्यांच्या सरकारी मोहिमेत, नोंदणी कधी ते विचारा. पैसे टप्प्याटप्प्यानं येतात आणि उशीर होतो हे धरूनच चाला.

आता कष्टाचं. अळी आयुष्यात जेवढा पाला खाते त्यातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास शेवटच्या आठवड्यात खाते. त्या दिवसांत पहाटे फांद्या तोडा, रॅकवर टाका, चुना मारा, रात्री परत पाला, भावकीत लग्न असलं तरी घरातलं एक माणूस शेडवर पाहिजेच. आमच्याकडं हे सगळं आई आणि बायकोच्या नजरेवर चालतं, अळी सुस्त पडली की त्यांना माझ्या आधी कळतं, म्हणून कोषाचे पैसे बायकोच्याच खात्यावर जमा होतात आणि ते तसंच पाहिजे.

सगळ्यात मोठा धोका शेजारच्या फवारणीचा. कापसावर मारलेलं औषध वाऱ्यानं तुतीवर आलं आणि तो पाला अळीला गेला तर रातोरात बॅच जाते. तुती शेजाऱ्याच्या बांधापासून लांब लावा, बॅच कधी चालू आहे ते त्यांना आधी जाऊन सांगा, आणि तंबाखू मळलेल्या हातानं कुणाला शेडमधे येऊ देऊ नका.

पण आधी विहिरीचं बघा. मेपर्यंत थोडंफार टिकत असेल तर ठिबकवर बाग जगते, उन्हाळ्यात बॅच नाही घेतली तरी चालतं. फेब्रुवारीतच तळ दिसत असेल तर तुतीच्या नादी न लागता चार उस्मानाबादी शेळ्या घ्या, बऱ्याचदा जुळी देतात, आपल्या उन्हाला टिकतात, फक्त पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (शेळ्यांचा आतड्याचा जीवघेणा रोग) लस चुकवू नका.