सासरे म्हणतात, आम्ही कुत्र्यासंगेच वाढलो

प्रश्न : डॉक्टर, आम्ही चोपडा तालुक्यात मळ्यातच राहतो. मुलगा सव्वा वर्षाचा आहे, नुकताच चालायला लागलाय. घरात मोती आहे, सासऱ्यांचा लाडका कुत्रा, आणि कोठीत मांजरीने पिल्लं घातलीत. परवा बाळ मोतीच्या ताटलीतली भाकरी खात होतं, मी ओरडले तर सासरे म्हणे, "काही नही व्हत त्याले, आम्ही कुत्र्यासंगेच वाढलो." माहेरचे म्हणतात कुत्रा कुठेतरी सोडून द्या. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, दोघांचं अर्धं अर्धं ऐका. मी गुरांचा डॉक्टर, त्यामुळे मोतीच्या बाजूने बोलणारच, पण सोडून दिलेला कुत्रा दुसऱ्याच्या गल्लीत उपाशी फिरतो आणि त्याची लसही चुकते, म्हणजे तुमची कटकट फक्त शेजारच्या गावात गेली. सासऱ्यांना मात्र एवढंच विचारा की आबा, मोतीला जंताची गोळी शेवटची कधी दिली? मी विचारलं की बहुतेक घरांत "तो कुठे आजारी आहे" हेच ऐकायला मिळतं. अहो, बाळाला अंगणवाडीत वर्षातून दोनदा मिळते ना, मग याला का नाही? मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी द्यायची, आणि पिल्लं तर बऱ्याचदा आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतात, म्हणून त्यांना दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांची होईपर्यंत.

आता गंमत बघा, ताज्या विष्ठेतली कुत्र्याच्या गोल जंतांची अंडी लगेच लागत नाहीत, मातीत दोन ते चार आठवडे पडली की मग ती धोक्याची होतात. म्हणून रोजची घाण रोज उचलून पुरली की निम्मं काम झालं. आणि घर बांधायला आणलेला तो वाळूचा ढीग, जो उरतो आणि वर्षभर ओट्याजवळ पडून राहतो, तिथे मांजरी रात्री उकरून हगतात आणि सकाळी पोरं त्यातच घरं बांधतात आणि तोच हात तोंडात. ताडपत्री टाका त्याच्यावर, आजच. बाळाची नखं कापलेली ठेवा आणि खायच्या आधी हात साबणाने, नुसतं पाणी शिंपडून नाही. मोतीची ताटली त्याचं खाणं झालं की उचलायची, बाळाच्या हाती लागेल अशी ठेवायचीच नाही.

त्याहून मोठी काळजी दाताची. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, कुत्रं गार जागा बघून माठाखालच्या ओलसर फरशीवर आडवं होतं, बाळ डुगडुगत येतं आणि थेट शेपटीवर पाय, आणि तुम्ही मोरीत भांडी घासताय. झोपलेलं, खात असलेलं किंवा पिल्लांजवळचं जनावर, मग ती कोठीतली मांजर का असेना, बाळापासून लांबच बरं. दोघांना एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंही नाही. मोती तोंड फिरवतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, डोळ्याचं पांढरं दिसतं, तेव्हा तो पुरे म्हणतोय, बाळाला उचला. आणि गुरगुरला म्हणून चप्पल मारू नका, नाहीतर पुढच्या वेळी न गुरगुरता चावेल.

प्रश्न : धुळ्याहून लिहितोय. मुलगी सहा वर्षांची, आमच्याच दोन महिन्यांच्या पिल्लाचा दात लागून थोडं रक्त आलं. आईने तिखट लावलं. पिल्लू घरचंच आहे, इंजेक्शन लागेल का?

उत्तर : लागेल भाऊ, आणि हे वाचताय तोवर घेतलं नसेल तर आजच जा. तिखट, हळद, चुना काही लावायचं नाही, त्याने जखम अजून चिघळते. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, कारण आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. पिल्लाला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, म्हणजे तुमच्या पिल्लाला अजून संरक्षणच नाही. रक्त आलंय म्हणून लसीसोबत जखमेत सीरमही (रेबीजशी लगेच लढणारी तयार प्रतिद्रव्यं) लागतं, ते पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत देता येतं, डॉक्टरांना स्वतःहून विचारा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आईला असेल तर सांगा, ती जुनी लस कधीच बंद झाली, आता दंडात देतात. कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिली तर त्यात १४ वा दिवस पण येतो. सरकारी दवाखान्यात फुकट असते.

पिल्लू दहा दिवस बांधून बघा, पण ते बघायचंय म्हणून लस थांबवू नका. दहा दिवस ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. मधेच मेलं किंवा पळून गेलं तर त्याच दिवशी त्यांना कळवा आणि कोर्स पूर्ण करा.