चांगलं काम करणाऱ्या मुलीला टीम लीड केलं, पण ती चाचपडतेय. तिला कशी मदत करू?

तुम्ही लिहिलंय की ३ महिन्यांपूर्वी तिला बढती दिलीत, आणि आता ती रात्री उशिरापर्यंत इतरांचं काम दुरुस्त करत बसते, मीटिंगमध्ये मात्र गप्प असते. तिचं काय चुकतंय हे शोधण्याआधी तुम्ही काय करताय ते एकदा बघा. माझ्याकडून इथेच चूक झाली होती.

मी एका सहकाऱ्याला लीड केलं होतं. एका मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "शुक्रवारची डेडलाइन पुढे ढकलता येईल का?" विचारलं ते माझ्याकडे बघून, आणि मी लगेच उत्तर देऊन मोकळी झाले. तो वहीत काहीतरी लिहीत होता. त्याचं पेन तिथेच थांबलं. निर्णय अजून माझ्याच हातात आहेत, हे मी अख्ख्या टीमला सांगून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यापासून मी त्या मीटिंगला जाणंच बंद केलं. कुणी परस्पर माझ्याकडे आलं तर एकच विचारायचे, "त्याच्याशी बोललात का?" पहिला महिना जड गेला. त्याचे दोन निर्णय मला पटले नव्हते. त्यातला एक खरंच चुकला, काम चार दिवस लांबलं. पण ते त्यानेच निस्तरलं, आणि त्यानंतर लोक त्याच्याकडे बघून बोलायला लागले.

दर आठवड्याला अर्धा तास फक्त तिच्यासाठी ठेवा. तो रद्द करू नका, आणि त्यात कामाचा आढावाही नको. मी विचारते, "दुसऱ्याला देता आलं असतं असं कोणतं काम या आठवड्यात तूच केलंस?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "मी केलं की लवकर होतं." ते खरं असतं, म्हणूनच सुटत नाही. गूगलने 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' या आपल्याच मॅनेजरांवरच्या अभ्यासात चांगल्या मॅनेजरांच्या ८ सवयी काढल्या, त्यात चांगला कोच असणं पहिलं होतं आणि तांत्रिक कौशल्य शेवटचं. हे तिला जरूर सांगा. आजवर ज्या हुशारीवर नाव कमावलं ती थोडी बाजूला ठेवायला फार धीर लागतो हो.

आणि कालपर्यंत शेजारी बसणाऱ्या मित्राला "तुझं काम कमी पडतंय" हे सांगणं सगळ्यात अवघड. त्याची आधी तालीम करून घ्या. तुम्ही तो मित्र व्हा, चिडा, वाद घाला. पहिल्यांदा ती नुसती प्रस्तावनाच करत राहील. तिसऱ्या खेपेला थेट मुद्द्यावर येईल. मग त्या खोलीत तिला एकटीला जाऊ द्या.