पुराची बोट तापते

प्रश्न : शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावाकडे पुरासाठी बोट आहे. तिचं आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून लावलेलं) इंजिन थोडं चाललं की तापून भोंगा देतं. काय करावं?

उत्तर : भोंगा वाजला की इंजिन बंद; रेटायचं नाही. हे इंजिन नदीचंच पाणी ओढून गार राहतं; त्याच्या मागच्या बारक्या भोकातून त्या पाण्याची धार पडत होती का? नसेल तर इंजिनाच्या पाण्यातल्या पायाची, पाणी आत घेणारी जाळी बघा. पंचगंगेतलं केंदाळ, प्लॅस्टिकची पिशवी हमखास तिथंच बसते. जाळी साफ असूनही धार नाही, तर बहुतेक पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) गेला. पाती तुटली असतील तर तुकडे शोधून काढा, नाहीतर आत पाण्याच्या वाटेत अडकतात. धार जोरात असूनही तापतंय? थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडणारी पाण्याची झडप) काढून गरम पाण्यात टाका; उघडला नाही तर बदला. आणि काठावर कोरडंच इंजिन सुरू करून दाखवायची हौस कुणाला असेल, तर त्याला आवरा. इंपेलर त्यानंच जळतो.