'मुकर्रर': तारखेचा आणि शेराचा

जालन्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. आजोबांच्या निजामकाळातल्या दाव्याची देवनागरी नक्कल त्यांनी करून घेतली, त्यात 'तारीख मुकर्रर' आहे, म्हणजे ठरलेली तारीख. मुशायऱ्यात लोक 'मुकर्रर!' ओरडतात ते 'पुन्हा म्हणा' अशा अर्थानं. एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे? शिवाय बँकेच्या हिंदी पंधरवड्यात आलेले पाहुणे म्हणाले की ठरलेल्या तारखेला 'मुकर्रर' नको, शुद्ध हिंदीत 'नियत' म्हणावं. ते बरोबर का?

मुळात हे दोन शब्द आहेत. दोन्ही अरबीतले, फारसी-उर्दूच्या वाटेनं आलेले. देवनागरीत एकसारखे दिसतात इतकंच. उर्दूत 'क'साठी क़ाफ आणि काफ अशी दोन अक्षरं आहेत. तारखेचा मुकर्रर 'क़ाफ'नं लिहितात. करार, इकरार, तकरीर ही त्याची भावंडं. शेराचा मुकर्रर साध्या 'काफ'चा, आणि त्याच्या घरची म्हणजे आपली तक्रार! 'तकरार' म्हणजे मुळात पुनरुक्ती. तेच तेच बोलण्यातून वाद, आणि मराठीत वादातून गाऱ्हाणं. एकाच फेरफारासाठी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हा अर्थ कसा बदलत गेला ते समजावून सांगावं लागत नाही.

'दाद'चं उलट आहे. तो खरोखर एकच शब्द, फारसीत अर्थ न्याय. कोर्टात मागायची, मैफलीत द्यायची.

गंमत अशी, की कागदावर एक झालेले दोन्ही मुकर्रर आमच्याकडच्या दखनी उर्दूत कानाला वेगळे लागतात. दखनीत क़ाफचा सरळ 'ख' होतो: काजीचा खाजी, कलमचा खलम. म्हणजे तारीख 'मुखर्रर' होते आणि शेर 'मुकर्रर'च राहतो. उत्तरेकडचे या 'ख'ला हसतात; हसू देत, इथे तोच कामाला येतो.

आता पाहुण्यांचा सल्ला. हिंदीनं गरजेप्रमाणे शब्द मुख्यतः संस्कृतातून घ्यावेत, असं संविधानाचं कलम ३५१ सांगतं खरं. पण हिंदुस्तानीची रूपं आणि शैली आत्मसात करण्याचंही तिथंच म्हटलंय. पंधरवड्याच्या भाषणांत हा भाग बहुधा गळतो. कायद्याच्या हिंदीत 'परिवाद' (तक्रार) आणि 'संविदा' (कायद्यानं बांधणारा करार) आले, तरी 'करार' टिकलाच. 'नियत' वापरा, हरकत नाही. पण 'मुकर्रर' अशुद्ध, हे काही पटत नाही. आणि मुशायऱ्यात 'पुनः' ओरडून बघा एकदा!

निजामाच्या राज्यात कचेरीची आणि कोर्टाची भाषा उर्दू. ते राज्य १७ सप्टेंबर १९४८ला संपलं; हिंदी राजभाषा ठरली १४ सप्टेंबर १९४९ला. त्यामुळे हिंदी दिवस आणि आपला मुक्तिसंग्राम दिन दरवर्षी तीन दिवसांच्या अंतरानं येतात. कचेरीतला मुकर्रर पुढं दप्तरांच्या गठ्ठ्यात गेला. शेराच्या मुकर्ररची सक्ती कुणी केली नव्हती, तो जुने शायर वली औरंगाबादी यांच्या मुलखात अजून ऐकू येतो. वैजापूरचे सिकंदर अली वज्द पेशानं न्यायाधीश आणि नावाजलेले शायर. त्यांच्या वाट्याला दोन्ही मुकर्रर आले असणार.

मराठीत लिहिताना 'ठरलेला' या अर्थी 'मुक्रर' लिहावं. हे रूप जुन्या मराठीत रुळलेलं आहे, घोटाळाही होत नाही. आजोबांच्या नकलेत मात्र हात लावू नका, 'मुकर्रर' आहे तसंच राहू द्या.