बाबांचं बोलणं गेलंय? स्पीच थेरपीइतकंच कागदांकडेही बघा

ताई, बाबांची मेंदूच्या डाव्या बाजूची गाठ काढली, त्यांना सगळं समजतंय पण 'ते... ते...'च्या पुढे शब्द फुटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ऑपरेशननंतर माझ्या नवऱ्याचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येकाची गाठ वेगळी, तेव्हा सर्जन सांगतील ते आधी.

सूज उतरली की थोडं सुधारतं वगैरे तुम्हाला सांगितलं असेलच. आमचा जीव काढला तो विम्याच्या क्लेमने. फोनवरची बाई अडून बसली: पॉलिसी यांच्या नावावर, तर जन्मतारीख यांनीच तोंडाने सांगायची. हे शेजारी बसून बोटांनी आकडे दाखवत होते, ओठ नुसते हलत होते. वाचाघात आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे बोलता येत नाही, असं म्हटलं, तर उत्तर काय, 'मग मानसिक स्थितीचं सर्टिफिकेट आणा.' वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असं नसतं, हे त्या ऑफिसात शेवटपर्यंत कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. पैसे अडकले आणि त्यापायी थेरपी लांबली, याचा राग अजून जात नाही.

म्हणून डिस्चार्जच्या कागदावर 'वाचाघात, आकलन चांगलं' असं स्पष्ट लिहून मागा, अर्थात डॉक्टरांनी तपासून तसं आढळलं तरच. विमावाल्यांशी जे काही बोलायचं ते ईमेलवर. 2016च्या दिव्यांग कायद्यात वाचाघात येतो, पण कायमचा असेल तर. त्यामुळे दिव्यांगत्वाच्या दाखल्यामागे आत्ताच धावू नका. आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी बँकेचं खातं आधी जॉइंट करून ठेवावं, 'दोघांपैकी कुणीही' व्यवहार करू शकेल असं.

हे शुभंकरोति आणि बेचा पाढा घडाघडा म्हणायचे, पण पाणी मागता यायचं नाही. नातेवाइकांना वाटायचं, सोंग करतात. सोंग नसतं ते. पाठ असलेलं बऱ्याचदा शाबूत राहतं, विचार करून बोलायला गेलं की अडतं. ओरडून बोलणाऱ्या पाहुण्यांना सरळ सांगा, कान ठीक आहेत. प्रश्न हो-नाहीचे विचारा, आणि त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. मला हे फार जड गेलं.

थेरपी घरच्या भाषेतूनच मागा, इंग्रजी चित्रकार्डांवर वेळ घालवू नका. बांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही विचारा. वाशीकडून येत असाल तर हार्बरने वडाळ्याला गाडी बदलायची. रिपोर्टच्या झेरॉक्स दोन-दोन ठेवा.