पाच फुटी समुद्री टाकीत हेनिओकस माशांचा थवा राहील का?

लहान असताना राहील. पण हा मासा वाढून वीतभर होतो, म्हणून पाच ठेवायचे असतील तर सहा फुटी टाकीच घ्या. एकटाही जगतो, पण बुजरा होतो.

खरं तर मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे. दुकानदार तुम्हाला म्हणाला, "टाकी मोठी असली की हवेची काळजी नको, एवढ्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो." माझे थोरले दीरही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलेत. हे साफ चूक आहे.

25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात 6.7 च्या आसपास. बडोद्याच्या मे महिन्यात चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, नसेल तर टाकी सहज 32 वर जाते, मग तो 6 वर येतो. त्यात हे सतत पोहणारे मोठे मासे. पाणी कितीही असो, ऑक्सिजन आत येतो तो वरच्या पृष्ठभागातून, आणि पुरेसा येतो तो पृष्ठभाग हलता असेल तरच.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या समा भागात लाइट गेली ती गेलीच. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, खाली गल्लीत पाणी. पहिले काही तास इन्व्हर्टरवर वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलवणारा पंप, चालला. तो थांबल्यावर थोड्या वेळाने पाचही हेनिओकस वर आले. एरवी एकाच दिशेने तोंड करून फिरणारे मासे वेगवेगळ्या कोपऱ्यांत, तोंड पृष्ठभागाला लावून, कल्ले भराभर उघडमीट करत होते. पाठीवरचा लांब पांढरा तुरा मागे पडला होता. दिरांचा फोन आला, "अगं, पाचशे लिटर पाणी आहे, काय होतंय त्यांना!" मी फोन ह्यांच्याकडे दिला आणि तांब्या घेतला. टाकीतलंच पाणी तांब्यात घ्यायचं आणि हातभर उंचावरून परत ओतायचं. रात्रभर आम्ही आळीपाळीने हेच केलं. पहाटे शेजारच्या मुलाने बॅटरीवरचा एअर पंप आणून दिला, तेव्हा कुठे हात थांबले. एकही मासा गेला नाही. दिरांची टाकी गोड्या पाण्याची आहे, त्यात गप्पी. त्यांचे मासे पंपाशिवाय जगले हे खरं, पण त्यावरून माझ्या टाकीचा निकाल लागत नाही. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं, आजही सांगते.

तेव्हा टाकीच्या आधी इन्व्हर्टरचा विचार करा. त्यावर आधी वेव्हमेकर, मग आपला पंखा. घरात कुणी कुरकुरलं तर कुरकुरू द्या. बॅटरीवरचे दोन एअर पंप कायम घरात हवेत.

मासे सगळे एकदमच आणा. एकेक आणलात तर आधीचा नव्याला हुसकतो. आधी वेगळ्या टाकीत ठेवा, मायसिस आणि आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखं खाद्य) दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं द्या, खायला लागल्याशिवाय मोठ्या टाकीत सोडू नका.

एक राहिलंच. दुकानात हेनिओकस म्हणून दोन सारखे दिसणारे मासे मिळतात. थव्याने राहतो तो डिफ्रूटीस. दुसरा अक्युमिनॅटस, त्याचं तोंड जास्त लांबट, तो आणखी मोठा होतो आणि मोठेपणी सहसा जोडीने राहतो. पाठीच्या पराचे काटे मोजता आले तर डिफ्रूटीसला बारा किंवा तेरा असतात, अक्युमिनॅटसला सहसा अकरा. दुकानदाराच्या शब्दावर पैसे देऊ नका.

आणि लाइट गेली की खाणं लगेच बंद करा. बंद डब्याचा फिल्टर बराच वेळ थांबला असेल तर लाइट आल्यावर तसाच चालू करू नका, आतलं पाणी आधी मोरीत ओतून टाका.