बेळगावहून जानेवारीत केदारकंठाला जाताना हिमस्खलनाची भीती किती?

बेळगावजवळचा राजहंसगड दर रविवारी चढता म्हणजे दम आहेच की तुमच्यात, पण बर्फात दमापेक्षा उताराकडे बघायला लागतंय. साधारण ३० ते ४५ अंशाचा उतार सगळ्यात धोक्याचा, त्याहून सपाट असला तर बर्फ सहसा सुटत नाही आणि फार उभा असला तर तो साठतच नाही. केदारकंठा म्हणजे उत्तराखंडातलं हिमालयाचं शिखर, त्याची नेहमीची वाट त्या मानानं बरी हाय, तरीपण जोरात बर्फ पडून गेला की पुढचे एक-दोन दिवस वर जायची घाई करू नका, ऊन पडलं म्हणजे सगळं ठीक असं अजिबात नसतंय! चालताना पायाखाली बर्फ 'धप्' करून खचल्यासारखा आवाज आला किंवा बुटापासून लांब भेग पळत गेली तर तिथूनच मागं फिरा, वरचा थर खालच्यावर नीट बसलेला नसतो आणि बऱ्याचदा माणसाच्या वजनानंच तो सुटतोय. गाडलेल्या माणसाला साधारण १५ मिनिटांत काढलं तरच आशा, बाहेरची मदत तेवढ्यात कुठली येणार? म्हणून गाईडकडं फावडं, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठिकाणा सिग्नलनं दाखवणारं यंत्र) हाय का ते आधीच विचारा, लाजू नका. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीत द्रौपदी का दांडा या शिखरावर गिर्यारोहणाच्या ट्रेनिंगवरची मुलं हिमस्खलनात दगावली, सोबत इन्स्ट्रक्टर असताना.